स्लीव्ह स्नॅख्त : मोजणीचा दिवा आणि डोळ्यांचा झरा

आयर्लंडमध्ये डोंगर चढायचा म्हटलं की लोक केरीकडे नाहीतर मोर्नकडे धावतात. उत्तर टोकाला, डोनेगलच्या इनिशोवेन द्वीपकल्पावर उभा असलेला स्लीव्ह स्नॅख्त तसा दुर्लक्षितच. नावाचा अर्थ बर्फाचा डोंगर, उंची 615 मीटर. चढ अवघड नाही, जमीन अवघड आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पुरतं न कुजता साचत गेलेलं शेवाळ आणि गवत. ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. हेदरच्या झुडपांमधून चालताना पाय कधी घोट्यापर्यंत आत जाईल, नेम नाही.

असा हा ओसाड डोंगर माझ्या संशोधनात आला तो नकाशांमुळे. स्थानिक कराचा बोजा सगळीकडे सारखा नाही, ही ओरड होती. म्हणून 1824 मध्ये ब्रिटिश सरकारनं अख्ख्या आयर्लंडच्या मोजणीचं काम थॉमस कोल्बीकडे सोपवलं. म्हणजे बघा, मुळात हा कराचा हिशेब! पुढच्या वर्षी बेलफास्टजवळच्या दिविस डोंगरावरून हा माथा दिसणं गरजेचं होतं. अंतर 66 मैल. धुक्यामुळे आठवडेच्या आठवडे काहीही दिसेना. शेवटी लेफ्टनंट थॉमस ड्रमंड दिवा घेऊन इथे वर येऊन राहिला. ऑक्सिजनच्या झोताने पेटवलेल्या ज्योतीत चुन्याचा छोटासा गोळा तापवायचा, की तो पांढराशुभ्र उजळतो. नोव्हेंबर 1825 मध्ये हा उजेड दिविसवरून दिसला. (असेच चुन्याचे दिवे पुढे रंगभूमीवर गेले. आपण ‘लाइमलाइट’ म्हणतो तो हाच.)

या मोजणीचा धागा भारतापर्यंत येतो. 1829 मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट कोल्बीची पद्धत बघायला आयर्लंडला आला, आणि कोल्बीच्या मोजपट्ट्यांसारख्याच धातूच्या पट्ट्यांनी नंतर कलकत्त्याची आधाररेषा मोजली गेली.

पण मला विचाराल तर या डोंगराची दुसरी ओळख जास्त मोलाची आहे. माथ्याजवळ टोबर ना सूल नावाचा झरा आहे, डोळ्यांचा झरा. त्याच्या पाण्यानं डोळे बरे होतात, अशी श्रद्धा होती आणि उन्हाळ्यात लोक इथे चढून यायचे. मोजणीदारांना हवा होता फक्त लांबून दिसणारा एक बिंदू. त्यांच्या आकडेमोडीत ही माणसं येण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे नुसती मोजणीची कागदपत्रं वाचून या डोंगराला ‘निर्जन’ म्हणायला मी तयार नाही.

जायचं असेल तर चार कोरडे दिवस बघून जा. वर पोचलात की आग्नेयेकडे बघा. दिविस तिकडे आहे, दिसेलच असं नाही.