इंदापूरच्या पुढे, बार्शीत

मंडळी, बारामती-इंदापूर ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरलं की बार्शी. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी इथे सुरू झाली. माणसं गावोगाव फिरून पेशंट शोधायची.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. लवकर लग्न, जास्त बाळंतपणं यांनी धोका वाढतो. म्हणजे आपल्या आज्यांचं आयुष्यच की!

१९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. २००९ साली निकाल छापून आला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू. ज्यांना नुसती माहिती दिली, त्या गटात ६४. आकड्यांशी माझा रोजचा संबंध, पण हा दुसरा आकडा मला अजून टोचतो.