नाशिकचे पिस्तूल आणि अडणारे काडतूस

पारगाव-खंडाळ्यात (लोणावळ्याजवळच्या नव्हे, आपल्या!) तत्त्वज्ञानाचा माणूस पिस्तुलावर बोलतोय, याचं नवल वाटेल. पण इतिहास वाचताना आम्ही शौर्य पाहतो, यंत्र पाहत नाही.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद थिएटर, 'शारदा'चा प्रयोग. अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. वय अवघे अठराच्या आसपास. पहिली गोळी चुकली असे सांगतात, पुढच्या लागल्या. शस्त्र ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर अशी वीस पिस्तुले पाठवली होती, पेटीच्या चोरकप्प्यातून.

आता हे यंत्र चालते कसे, बघा. गोळी सुटली की धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस ढकलून नळीच्या तोंडात बसवते. कोरे पिस्तूल नेमके इथेच अडते. स्प्रिंग ताठ असते, घासणारे भाग अजून गुळगुळीत झालेले नसतात, कारखान्याचे ग्रीस तसेच चिकटलेले असते. मनगट ढिले राहिले तर स्लाइड पुरती मागेच जात नाही. मॅगझिनच्या ओठांना जरा पोचा आला, की काडतूस तिरके चढते. म्हणून जाणकार आधी ते पुसून तेल देतात, मॅगझिनवर खुणा करून कोणते अडते ते पाहतात, काडतुसाची जात बदलून बघतात आणि शेदोनशे गोळ्या उडवतात. मग त्यावर भरवसा ठेवतात.

गुप्त संघटनेने हे कुठे करायचे? प्रत्येक बार गावाला ऐकू जाणार. आणि समुद्रापलीकडून लपवून आणलेली काडतुसे शेदोनशे उडवायची म्हणजे मग शिल्लक काय राहणार? रिव्हॉल्व्हरचे बरे असते, एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. १९४२ साली प्राग शहरात हायड्रिखसमोर गाब्चिकची स्टेन गन ऐन वेळी अडलीच. सोबत्याने बॉम्ब टाकला म्हणून बेत तडीस गेला.

नाशिकलाही सोबती होते. अनंतचा नेम साधला नाही तर विनायक देशपांडे, तेही फसले तर कृष्णाजी कर्वे, दोघेही सशस्त्र. 'पोरगा कचरेल म्हणून ही तजवीज', असे ऐकवले जाते. आम्हाला ते पटत नाही. कचरण्याची भीती माणसाची, तशीच लोखंडाचीही असते. आणि लोखंडाला शपथ घालता येत नाही. त्या दिवशी ते पिस्तूल अडले नाही. देशपांडे-कर्व्यांना हत्यार चालवावेच लागले नाही.

१९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघांनाही फाशी दिली.