वर कुठेच न बसणारा माल

मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये नुसता ‘केमिकल’ नावाचा माल नसतो. नवा क्लार्क बिल ऑफ एंट्रीवर तसं लिहून आणायचा आणि अप्रेझर, म्हणजे जकात ठरवणारा अधिकारी, कागद तसाच परत सरकवायचा. कसलं केमिकल, कशासाठी, बाजारात कुठल्या नावाने विकतात, ते आधी सांगा, दर मग. माझी सगळी नोकरी क्लिअरिंग एजंटच्या पेढीवर गेली. किमतीपेक्षा नावावरूनच जास्त भांडणं पाहिली.

तशी ती जुनीच. डिसेंबर 1894 मध्ये सरकारने परदेशी सुती मालावर 5 टक्के जकात बसवली आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी ओरडू नये म्हणून इथल्या गिरण्यांच्या सुतावरही तेवढाच कर लावला. पण 20 नंबरच्या वरच्याच. नंबर म्हणजे 840 वारांच्या किती लड्या एका पौंडात बसतात तो आकडा. वीस बसल्या तर सूत सुटलं, चोवीस बसल्या तर कर भरा. आपल्या गिरण्या मुख्यतः जाडंभरडं सूत कातायच्या, त्यामुळे मँचेस्टरची ओरड काही थांबली नाही. 1896 मध्ये सूत मोकळं करून दोन्हीकडच्या कापडावर साडेतीन टक्के ठेवले. दिसायला लड्यांचा हिशेब, आतून सगळं मँचेस्टरचं राजकारण.

मी शिकलो तो 1934 चा टॅरिफ कायदा. त्यात 87 नंबरचं कलम होतं : वर कुठेच न बसणारा सगळा माल. अप्रेझरला काही सुचेना की बोट तिथे जायचं.

या 87 वरून गाजला तो डनलॉपचा खटला. माल होता व्ही. पी. लेटेक्स, टायरच्या आतल्या दोऱ्याला रबर घट्ट धरावं म्हणून वापरतात ते द्रव. कंपनी म्हणे, हे कच्चं रबर, कलम 39. कस्टम खातं म्हणे, 87. गंमत अशी की व्यापार मंत्रालयाच्या आयात धोरणाच्या पुस्तकात, आम्ही ज्याला रेड बुक म्हणायचो त्यात, हेच लेटेक्स सिंथेटिक रबर म्हणून नाव घेऊन छापलेलं होतं. परवाना देताना रबर, जकात घेताना अनाम! 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या मालाला हक्काचं घर आहे त्याला अनाथाश्रमात ढकलू नका, अशा अर्थाचं न्यायमूर्तींनी लिहिलं. इतकं रसाळ वाक्य जकातीच्या निकालात क्वचितच सापडतं.

व्यापारात माल ज्या नावाने ओळखतात ते नाव धरायचं, हा या निकालाचा कणा. त्याचं जुनं उदाहरण कस्टममध्ये नव्हे, अकोल्याच्या एका विक्रीकराच्या वादात सापडतं. विड्याची पानं भाजी आहेत का? भाजीला करमाफी होती. 1961 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, वनस्पतिशास्त्र राहू द्या, लोक भाजी कशाला म्हणतात ते बघा. पानवाला हरला. वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईने हे फुकट सांगितलं असतं.

कस्टमच्या शेडमध्ये मात्र लोक काय म्हणतात याने भागत नसे. सुताचा वाद असला की जुने अप्रेझर धागा उपटून काडीने पेटवायचे. सुती भरभर जळून हलकी राख राहते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून टणक काळी गोळी होते. एवढ्यावर दर ठरत नसे, नमुना लॅबला जाईच. पण भांडण कुठे न्यायचं ते त्या काडीवर कळायचं.

2 ऑगस्ट 1976 पासून नवा कायदा आला, 1986 मध्ये तो जगभराच्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’वर बसवला गेला, 2003 पासून मालाच्या कोडचे आकडे आठ झाले. त्या सिस्टिमची सत्त्याण्णव प्रकरणं, त्यातलं 77 वं मुद्दाम कोरं, पुढेमागे लागलं तर. वर्गीकरणाचे नियम सहा. मोटारीत घालायचा गालिचा मोटारीचा भाग नव्हे, गालिचाच; कारण नेमकं नाव मोघम नावाच्या वर. तेवढ्याने उरकत नसेल तर मालाचा मुख्य गुण कशात आहे ते बघायचं. आणि तरीही दोन कलमं सारखीच लागू पडत असतील, तर त्यांतलं क्रमाने शेवटचं घ्यायचं. असं का, ते विचारायचं नाही. आमच्यातले मुरलेले एजंट दोन्हींचे दर आधी ताडून बघत आणि मागचा दर हलका निघाला, तर दोन्ही कलमं अगदी तंतोतंत लागू पडतात असं सांगायला एका पायावर तयार असत.