हस्ताक्षराची साक्ष आणि नमुन्यांची निवड

वादग्रस्त कागद कोणाच्या हातचा, हे ठरविताना संशयिताचे निर्विवाद लेखन मिळवून त्या कागदाशेजारी ठेवावे लागते. असे नमुने दोन प्रकारचे असतात. खटल्याची छाया पडण्यापूर्वी सहज लिहिलेली पत्रे, अर्ज, हिशेब हा पहिला. तपासासाठी समोर बसवून लिहवून घेतलेला मजकूर हा दुसरा. पहिल्यात हात मोकळा असतो, पण हवे ते शब्द मिळतीलच असे नाही. दुसऱ्यात शब्द मिळतात, पण हात सावध वा भयग्रस्त असतो. म्हणून दोहोंची गरज भासते. परंतु त्याहून आधीचा प्रश्न असा की, नमुने कोणाकोणाचे गोळा करावयाचे? या प्रश्नाची उपेक्षा किती महाग पडते, हे फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणावरून दिसून येते.

१८९४ च्या सप्टेंबरात पॅरिसमधील जर्मन वकिलातीतून फ्रेंच हेरखात्याच्या हाती एक फाटलेली, निनावी चिठ्ठी आली. फ्रेंच सैन्याच्या गुप्त माहितीची ती यादी होती. संशय तोफखान्याचे कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर आला. ते ज्यू होते, आणि तत्कालीन ज्यूद्वेषाने तो संशय पोसला. १५ ऑक्टोबर रोजी मेजर द्यु पाती द क्लाम यांनी स्वतःचा हात दुखावल्याचा बहाणा करून त्यांना एक पत्र लिहावयास सांगितले. मजकुरात चिठ्ठीतलेच शब्द पेरलेले होते. मध्येच, तुमचा हात कापतो आहे, असे मेजरसाहेबांनी ठणकावले. बोटे गारठली आहेत, हे ड्रेफस यांचे उत्तर व्यर्थ गेले. त्यांना तेथेच अटक झाली. पुढे तुरुंगातही त्यांच्याकडून कधी बसून, कधी उभे राहून, कधी हातमोजा घालून लिहवून घेण्यात आले.

बँक ऑफ फ्रान्सचे तज्ज्ञ गोबेर यांनी चिठ्ठी अन्य व्यक्तीचीही असू शकेल, असा अभिप्राय अटकेपूर्वीच दिला होता. तो डावलून पोलिसांच्या मानवमापन शाखेचे प्रमुख बर्तिलाँ यांना पाचारण करण्यात आले. हस्ताक्षरपरीक्षा हा त्यांचा विषय नव्हता. त्यांच्या मते साम्य दिसले तर तो पुरावा होताच. भेद दिसला तर ड्रेफस यांनी आपलेच अक्षर मुद्दाम विकृत केले, म्हणून तोही पुरावा! अशा तर्कापुढे कोणता नमुना निर्दोषत्व सिद्ध करू शकेल? शिवाय बचावपक्षाला न दाखविलेली एक गुप्त संचिका न्यायाधीशांपुढे ठेवण्यात आली. २२ डिसेंबर रोजी जन्मठेपेची शिक्षा झाली आणि ड्रेफस सैतानाच्या बेटावर रवाना झाले.

१८९६ मध्ये हेरखात्याचे नवे प्रमुख पीकार यांच्यासमोर मेजर एस्तरहाझी यांनी नोकरीतील बदलीसाठी लिहिलेली पत्रे आली. तीत चिठ्ठीचेच अक्षर पाहून ते चकित झाले. पुढे, १८९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीत एस्तरहाझी यांची १८९२ व १८९४ मधील दोन पत्रे हाती आली; ती चिठ्ठीसारख्याच पातळ, चौकटीच्या कागदावर लिहिलेली होती. जुन्या दस्तऐवजांचे जाणकार शारावे यांनी १८९४ मध्ये ड्रेफस यांच्याविरुद्ध मत दिले होते. एस्तरहाझी यांचे अक्षर पाहिल्यावर १८९९ च्या रेन येथील फेरखटल्यात त्यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. तरीही त्या न्यायालयाने ड्रेफस यांना दोषीच ठरविले; त्यांचे निर्दोषत्व १२ जुलै १९०६ रोजी जाहीर झाले.

शारावे यांची दृष्टी १८९४ मध्ये अधू नव्हती. त्यांच्यापुढे खऱ्या लेखकाचा नमुना नव्हता, एवढेच. एकाच माणसाचे लेखन समोर असले की, हे त्याच्यासारखे आहे काय, एवढाच प्रश्न उरतो. हे कोणाचे आहे, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

भारतात १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, आरोपीचे हस्ताक्षर घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. नमुना स्वतः निरुपद्रवी असून तो केवळ तुलनेचे साधन आहे. तपासकाळात असा नमुना देण्याचा आदेश काढण्याचा स्पष्ट अधिकार दंडाधिकाऱ्यांना २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कायम राहिला. नमुना निरुपद्रवी आहे, हे खरे. पण तो निवडणारी आणि वाचणारी माणसे निःपक्षपाती असतील, तोवरच.