शिळ्या उसळीला वाफ

जपानच्या भरल्या पावाची गोष्ट एका बेकार झालेल्या सामुराईपासून सुरू होते. मेइजी राजवट आली, तलवारीला काम उरलं नाही, तेव्हा किमुरा यासुबेई नावाच्या गृहस्थाने १८६९ मध्ये टोकियोत बेकरी टाकली. भात खाणाऱ्यांना पाव म्हणजे कोरडा घास, गिऱ्हाईक जमेना. शेवटी १८७४ मध्ये त्याने पावाच्या पोटात अझुकी या लाल कडधान्याचं पुरण घातलं. पीठ फुगवलं साकेसाठी लावतात तशा तांदळाच्या आंबवणाने. आपल्याकडे गोव्याच्या पोदेरांनी माडाच्या सुरेवर पाव फुगवले. पाव दोन्हीकडे पोर्तुगीजांनी नेला, पण फुगवायचा कसा ते ज्याचं त्याने पाहिलं. ४ एप्रिल १८७५ ला किमुराचा पाव वर खारवलेलं चेरीचं फूल लावून सम्राटापुढे गेला, आणि मग काय विचारता!

यात नाशिककराला जवळचा माणूस भेटतो तो पुढे. अनंत कान्हेऱ्यांनी १९०९ मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, ते हे गाव. इथल्या शाळेत क्रांतिकारक तोंडपाठ असत. रासबिहारी बोस म्हणजे १९१२ चा हार्डिंग्जवरचा बॉम्ब, १९१५ मध्ये जपानला पलायन, आणि धडा संपला. पुढची मजा बाईंनी कधी सांगितली नाही. टोकियोच्या शिंजुकू भागात नाकामुराया नावाची बेकरी होती. तिच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, पोलिसांपासून वाचवायला बोसांना दुकानामागे लपवलं आणि १९१८ मध्ये आपली मुलगीच त्यांना दिली. १९२७ मध्ये सासऱ्यांच्या दुकानात जावयाची करी मिळू लागली, हाडासकट कोंबडीची. इतर ठिकाणी करी-भात १०-१२ सेनला, हिची किंमत ८० सेन! त्याच वर्षी नाकामुरायाने वाफवलेले चिनी पद्धतीचे भरले पाव विकायला काढले: एक मांसाचा, एक गोड. आणि त्याच वर्षी टोकियोतच, फुकागावातल्या एका बेकरीने करी भरून तळलेला पाव नोंदवून घेतला. एकाच सालात एवढं पीठ भिजलं!

तो तळलेला पाव आमच्या पाववड्याचा चुलतभाऊच. आम्ही तयार पावात बटाट्याची भाजी भरून तो डाळीच्या पिठात बुडवतो. ते कच्च्या पिठात करी भरून त्याला पावाचा चुरा लावतात. मला विचाराल तर पाववडा सरस, पण मी पडले नाशिकची.

घरी मी करते तो वाफवलेला. रविवारची मटकीची उसळ सोमवारी उरतेच. तिचा रस्सा आटवायचा, चमचाभर भाजलेलं बेसन घालून गोळा घट्ट करायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम सारणाने पीठ पाघळतं. मैद्यात यीस्ट, थोडी साखर, थोडं तेल. थंडीत निफाडचा पारा उतरला की आमच्याकडेही पीठ ढिम्म हलत नाही, मग परात गॅसच्या शेगडीजवळ सरकवायची. पारी कडेने पातळ, मध्ये जाड. कळ्या मोदकाच्याच पाडायच्या, फक्त नाक काढायचं नाही. खाली केळीच्या पानाचा तुकडा, मोदकपात्राच्या झाकणाला फडकं, म्हणजे पाणी ठिबकून पावाला चट्टे पडत नाहीत. बारा-पंधरा मिनिटांनी गॅस बंद केला तरी झाकण लगेच उघडायचं नाही. एकदम गार हवा लागली की पाव बसतो.

उरलंसुरलं पिठात कोंबणं हा काही माझा शोध नाही. नागानोच्या डोंगरात, जिथे भाताला जमीन कमी, तिथे पालेभाजी, वांगं, जे असेल ते भरून ओयाकी करतात. आमच्याकडे होळीनंतरचं पुरण उरलं तर तेही याच पारीत जातं. रसदार भरली वांगी मात्र नकोत, तळ फुटतो.

ओसाकाकडे असल्या पावाबरोबर मोहरी देतात. मी काळ्या मसाल्याची तर्री देते. नातू म्हणतो, “आजी, जपानी माणसाच्या डोळ्यांतून पाणी येईल.” येऊ दे की.