हरवलेला एक पैसा

1 एप्रिल 1957 ला देशात दशमान नाणी आली. 16 आण्यांचा रुपया 100 नव्या पैशांचा झाला. आण्याचे सव्वासहा पैसे होत; पण पाव पैशाचं नाणं नव्हतं, म्हणून 6 धरत. 4 आण्यांचे मात्र पुरे 25.

माझ्या थोरल्या भावाने घरचे 4 आणे एकेक करून मोडून आणले. हाती आले 24. खाऊ खाल्ल्याचा आळ आला. आईने त्याला पाटीवर प्रत्येक आणा वेगळा मांडायला लावला, तेव्हा पैसा सापडला: चार पाव सुटले होते.

आज नातू आईच्या फोनवरून पैसे देतो, नाणं दिसतच नाही. म्हणून रोज रात्री त्याच्याकडून वही लिहून घेतो. कुरकुरला, की भावाची पाटी सांगतो.