काहिकी : एका सोंगाचा वारसा

कोलंबस ही अमेरिकेतील ओहायो राज्याची राजधानी. समुद्र तिथून शेकडो मैल दूर. या शहरात १९६१ साली ‘काहिकी’ नावाचे एक भोजनगृह उघडले. उंच, निमुळते, नौकेसारखे वळलेले छप्पर. दाराशी ईस्टर बेटावरील मोआई शिल्पांच्या धर्तीचे दोन पुतळे, त्यांच्या मस्तकांवर पेटत्या ज्वाला. आत मत्स्यालये, आणि खिडक्यांच्या काचेपलीकडे ठरावीक अंतराने गडगडाटासह बरसणारा कृत्रिम पाऊस. बाहेर बर्फ पडत असतानाही आत उष्ण कटिबंधातले वादळ चालू असे.

अशा जागांना ‘टिकी बार’ म्हणतात. माओरी परंपरेत टिकी हा आदिपुरुष; पॉलिनेशियात कोरीव मानवाकृतींनाही हे नाव आहे. अमेरिकेत मात्र या पूर्वजाचा मद्याचा पेला झाला. या प्रथेची सुरुवात १९३० च्या दशकातली. दारूबंदी उठल्यानंतर अर्नेस्ट गँट या गृहस्थाने हॉलिवुडमध्ये बांबू, मासेमारीची जाळी आणि रम यांच्या जोरावर एक छोटे मद्यालय थाटले आणि पुढे स्वतःचे नावही बदलून डॉन बीच असे घेतले. पॅसिफिकमध्ये लढलेले सैनिक घरी परतले. १९४७ मध्ये मिचनरचे ‘टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक’ प्रसिद्ध झाले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले. युद्धाच्या आठवणीचे सुट्टीच्या स्वप्नात रूपांतर करण्याचे काम या मद्यालयांनी केले, असे आम्हांस वाटते.

पुढच्या पिढीला हे सोंग ओशाळवाणे वाटू लागले. व्हिएतनाम युद्धानंतर माडांच्या आणि जंगलाच्या चित्राचा अर्थच पालटला होता. टिकी बार एकामागून एक बंद पडत गेले. काहिकी मात्र तगले. १९९७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचा समावेशही झाला. परंतु ही नोंद खाजगी मालकाचे हात बांधत नाही. तिने मान मिळतो, अभय मिळत नाही. २००० च्या ऑगस्टमध्ये काहिकी बंद झाले आणि वर्ष सरण्यापूर्वी ती वास्तू पाडली गेली. त्या जागी औषधांचे दुकान आले. नाव उरले ते गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या खोक्यांवर.

सगळ्यांचीच गत अशी झाली नाही. फ्लॉरिडातील १९५६ चे ‘माय-काय’ २०२० मध्ये छताचा भाग कोसळून जलमय झाले. ते पुन्हा उघडायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘टोंगा रूम’वर २००९ च्या सुमारास पाडकामाचे सावट आले होते, ते टळले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. जे मुळातच खोटे, त्याचे जतन कशासाठी? काहिकीत पॉलिनेशिया नव्हताच. रापा नुईच्या लोकांनी आपल्या पूर्वजांसाठी उभारलेल्या मूर्तींची नक्कल तिथे दाराची शोभा झाली होती, आणि तीही त्यांना न विचारता. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही पन्नास-साठ वर्षांनी सोंगही पुरावा होते. ते ज्याचे घेतले त्याच्याविषयी काही सांगत नाही. ज्याने घेतले त्याच्याविषयी पुष्कळ सांगते. शिवाय या स्वप्नामागे राबणारे हात होते. हॉलिवुडच्या त्या पहिल्या मद्यालयात पेये मिसळणाऱ्यांत फिलिपिनो स्थलांतरित होते. त्यांपैकी रे ब्यूहेन यांनी १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘टिकी-टी’ हा स्वतःचा बार काढला. मालकांची नावे पाट्यांवर राहिली; या लोकांचा इतिहास त्या लाकडी गल्ल्यांमागेच शोधावा लागतो.

साहित्याच्या वर्गात आपण वासाहतिक कादंबऱ्या जाळत नाही, त्यांतील खोट ओळखत वाचतो. वास्तूच्या बाबतीत ही सोय नसते. पाडलेल्या इमारतीचे पुनर्वाचन होत नाही.

हवाईयन भाषेत ‘काहिकी’ म्हणजे ताहिती, आणि व्यापक अर्थाने समुद्रापलीकडचा कोणताही देश. ओहायोतील त्या नावाचा देश आता कोणत्याही समुद्रापलीकडे सापडणार नाही.